अडवलेली वाळू, खचलेला किनारा

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत इथल्या शाळा-कॉलेजांच्या सहली आणि घरोघरच्या गाड्या घाट उतरून अलिबाग, मुरूड, गणपतीपुळे, मालवणकडे निघतात. लांबचा प्रवास करून किनारा गाठला की अनेक ठिकाणी समुद्राच्या आधी दिसते ती काळ्या दगडांची लांबलचक रांग. सरकारी कागदपत्रांत तिला धूपप्रतिबंधक बंधारा म्हणतात. पाण्यात उतरायला आलेल्या माणसाला ती अडचण वाटते. मागच्या घरात राहणाऱ्याला मात्र तीच आधार वाटते. दोघांचेही काही चुकत नाही. पण हे दगड समुद्राचे काय करतात, वाळूचे काय करतात आणि माणसाच्या जिवाचे काय करतात, या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

चौपाटी ही जमिनीसारखी जागेवर बसलेली वस्तू नव्हे. लाटा किनाऱ्यावर बहुधा थोड्या तिरक्या येतात. लाट चढते तेव्हा वाळूचा कण तिरका वर सरकतो आणि पाणी परतताना उताराने सरळ खाली येतो. एका लाटेत तो जेमतेम वीतभर पुढे गेला असेल. पण दर दहा सेकंदांना एक लाट धरली तरी दिवसाला साडेआठ हजारांहून जास्त लाटा होतात. त्यामुळे वाळू किनाऱ्याकिनाऱ्याने सतत चालत असते. आज पायाखाली असलेली वाळू काही महिन्यांपूर्वी शेजारच्या गावाची होती आणि पुढे तिसऱ्या गावाची होणार असते. वॉर्डात रुग्णाच्या खाटेला एक तक्ता लावलेला असतो, दिवसभरात पोटात आणि सलाईनमधून किती पाणी गेले आणि लघवीवाटे किती बाहेर पडले याचा. चौपाटीचा हिशेब तसाच असतो. आलेली आणि गेलेली वाळू सारखी असेपर्यंत किनारा जागेवर दिसतो.

कोकणात याला ऋतूचीही जोड आहे. पावसाळ्याच्या उंच लाटा वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात नेऊन ठेवतात आणि किनारा अरुंद होतो. पाऊस सरला की शांत, लांब लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. श्रावणात किनारा पाहणाऱ्याला तो संपत चालला असे वाटते आणि फेब्रुवारीत पाहणाऱ्याला तो भरलेला दिसतो. एका भेटीत निदान करू नये हा नियम इथेही लागू पडतो. खरी धूप कोणती आणि नेहमीची ये-जा कोणती, हे ठरवायला अनेक वर्षांची मोजमापे लागतात. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रह चित्रांवरून असे मोजमाप केले आहे. त्यानुसार देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजतो आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे.

झिजणारा किनारा थोपवण्याचा एक जुना उपाय लाकडी आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथसारखी सुट्टीची गावे आहेत. तिथे वाळूत जाडजूड लाकडी खांब ठोकून, त्यांना फळ्या जोडून, किनाऱ्यापासून समुद्रात शिरणारे आडवे बांध घातलेले दिसतात. इंग्रजीत त्यांना ग्रॉइन म्हणतात. दर थोड्या अंतरावर एक असे ते ओळीने उभे असतात. किनाऱ्याने चालत आलेली वाळू त्या फळीपाशी अडते, साचते, आणि दोन बांधांमध्ये छान रुंद पुळण तयार होते. तिथे आरामखुर्च्या मांडता येतात, मुले किल्ले बांधतात, हॉटेले चालतात. अशा गावात पुळण हीच दुकानदारी असते. ती वाचवायला खर्च करायची त्या गावांची तयारी असते.

लाकूडच का, याला कारण आहे. लाकूड लाटेचा मार थोडे लवचिकपणे सोसते. फळ्या काढता-घालता येतात, त्यामुळे वाळूची पातळी बदलली की बांधाची उंचीही बदलता येते. दगडाच्या ढिगाऱ्यात ही सोय नाही. पण खाऱ्या पाण्यात लाकडाचा एक पक्का शत्रू असतो. शिपवर्म नावाचा हा जीव दिसतो लांब किड्यासारखा, पण तो असतो शिंपल्यांच्या कुळातला. तो लाकूड आतून पोखरतो. बाहेरून खांब धडधाकट दिसतो आणि आत चाळणी झालेली असते. १७३० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉलंडमध्ये समुद्रबांधांच्या लाकडी तोंडाला हा जीव लागला आणि मैलोन्‌मैल लाकूड निकामी झाले. लोकांना तो देवाचा कोप वाटला. पुढे परदेशातून दगड आणून बांधांना लावावा लागला. आज बोर्नमथला उष्ण कटिबंधातले कठीण लाकूड वापरतात, तरी साधारण पंचवीस वर्षांत ते बदलावे लागते. शिवाय नुसत्या बांधांवर भागत नाही, समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्यावर पुन्हा पसरावी लागते. म्हणजे हा एकदा करून विसरण्याचा इलाज नाही. मधुमेहाच्या गोळीसारखा तो चालूच ठेवावा लागतो. आपल्या उबदार समुद्रात असे जीव वर्षभर कामावर असतात. लाकडी होडीचे बूड तेलपाणी करून जपणाऱ्या कोकणातल्या मच्छीमाराला हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे लाकडी बांधांऐवजी दगड आणि काँक्रीट आले त्यामागे हेही एक कारण मानता येईल.

आता मुख्य अडचण. बांध वाळू अडवतो, पण वाळू तयार करत नाही. अलीकडे साचलेली वाळू ही पलीकडच्या गावाला जायची होती.

हे समजायला समुद्रच हवा असे नाही. बीडच्या कोणत्याही शेतकऱ्याने ओढ्याकाठी हे पाहिलेले असते. एकाने आपला काठ वाचवायला पात्रात दगडांचा आडवा सांडवा घातला की पाण्याचा झोत समोरच्या काठावर जाऊन आदळतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात समोरच्याच्या वावराची माती वाहून जाते. मग भांडण तलाठ्यापर्यंत जाते. समुद्रावर तक्रार कुणाकडे न्यायची हेच अनेकदा कळत नाही, कारण बांध घातलेले गाव आणि झिजलेले गाव यांच्यामध्ये काही किलोमीटर आणि काही वर्षे गेलेली असतात.

याची भारतातली सर्वांत ठसठशीत उदाहरणे पूर्व किनाऱ्यावर आहेत. तिथे वाळू वर्षाकाठी मुख्यतः दक्षिणेकडून उत्तरेकडे चालते. १८७५ च्या सुमारास मद्रास बंदराचे काम सुरू झाले आणि बंदराच्या भिंती समुद्रात शिरल्या. दक्षिणेला वाळू साचत गेली आणि आज प्रसिद्ध असलेली मरीना चौपाटी रुंदावली. उत्तरेला रोयापुरम भागात मात्र वाळू पोचेना आणि समुद्र घरांपर्यंत आला. मरीनावर भेळ खाणाऱ्या पर्यटकाला ही चौपाटी शेजाऱ्याच्या वाळूवर रुंदावली आहे हे कुणी सांगत नाही. पुदुच्चेरीत तर हे एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे बंदराच्या भिंती बांधल्या गेल्या आणि काही वर्षांत शहरासमोरची पुळण नाहीशी होऊन दगडांचा ढीग उरला. २०१८ मध्ये राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने तिथे पाण्याखाली एक भला मोठा पोलादी पाचरीसारखा कृत्रिम खडक बसवला, वाळूही टाकली, आणि पुळणीचा काही भाग परत आला. लाटेचा जोर पाण्यातच मोडायचा आणि वाळूला बसायला जागा द्यायची, हा विचार नुसत्या भिंतीपेक्षा शहाणपणाचा आहे.

भिंतीचा दोष वेगळा आहे. किनाऱ्याला समांतर बांधलेल्या भिंतीवर लाट आपटते तेव्हा तिचा जोर परत फिरून पायथ्याची वाळू उकरतो. मागची घरे वाचतात, पुढची पुळण जाते. काही वर्षांनी पायथा खचून भिंतीचे दगडही घसरतात आणि नवा निधी मागावा लागतो. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचा बंधारा वारंवार फुटण्यासाठीच ओळखला जातो. मालवणजवळचे देवबाग एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी अशा चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. तिथल्या माणसाला बंधारा नको असे पुण्या-मुंबईत बसून सांगणे सोपे आहे. घर पाण्याच्या तोंडाशी असेल तर दगड हवेतच. पण प्रत्येक उन्हाळ्यात प्रत्येक गावाने आपापल्या पुढे दगड ओतावेत, हे धोरण होऊ शकत नाही. आधी संपूर्ण किनाऱ्याचा हिशेब मांडावा लागतो. १९१६ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र पुण्याजवळ खडकवासल्याला आहे. तिथे बंदरांच्या आणि किनाऱ्यांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांवर लाटा सोडून पाहतात. हे ज्ञान घरात असताना दगड आधी आणि अभ्यास नंतर, असे होऊ नये.

किनाऱ्याला स्वतःचाही एक बंधारा असतो. मागच्या वाळूच्या टेकड्यांवर मर्यादवेल पसरते. जांभळ्या फुलांची ही वेल वाळू धरून ठेवते, तिच्या मागे केवडा वाढतो. वादळात टेकडीतली वाळू खर्ची पडते आणि नंतर वारा ती पुन्हा भरतो. ही टेकडी सपाट करून रिसॉर्ट बांधायचे आणि मग रिसॉर्ट वाचवायला भिंत मागायची, हा प्रकार कोकणात नवा नाही.

समुद्राला ही वाळू मुळात येते कुठून? बरीचशी नद्यांतून. इथे बीडचा संबंध थेट येतो. गोदावरी गेवराई, माजलगाव, परळी तालुक्यांच्या कडेने वाहते, मंजरथला तिला सिंदफणा मिळते आणि शेवटी ती आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला जाते. राक्षसभुवनच्या काठची वाळू काही दशकांनी, काही शतकांनी तिकडच्या किनाऱ्यावर पोचावी, अशी ही व्यवस्था होती. पण १९७६ मध्ये पैठणला जायकवाडी झाले, नंतर सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले, पुढे खाली नांदेड, तेलंगणात आणखी धरणे झाली. पाणी सांडव्यावरून पुढे जाते, गाळ आणि वाळू मागे बसते. गोदावरीतून समुद्राकडे जाणाऱ्या गाळाचे मोजमाप आंध्रातील संशोधकांनी केले आहे. १९७० च्या दशकात तो वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन होता. १९९० च्या दशकात तो सहा कोटी टनांच्या खाली आला. १९७६ ते २००१ या काळात त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याने सुमारे १८ चौरस किलोमीटर जमीन गमावली.

काकीनाड्याजवळ उप्पाडा हे जामदानी साड्यांसाठी प्रसिद्ध गाव आहे. तिथे समुद्राने घरे, रस्ता गिळला. वाळू भरलेल्या मोठ्या कापडी नळ्यांची भिंत तिथे घातली, तीही लाटांनी फाटत गेली. उप्पाड्याचे सगळे दुखणे वरच्या धरणांवर ढकलणे बरोबर नाही. जवळची बंदराची बांधकामे आणि तिथल्या वाळूच्या जिभेची वाढ याही गोष्टी त्यात आहेत. धरणे नकोत असाही याचा अर्थ नाही. जायकवाडी आणि माजलगावशिवाय या जिल्ह्याने काय प्यायले असते? पण धरणातला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना राबवताना ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर जाताना जो काळा ढीग दिसतो, तो समुद्राच्या वाटेवर थांबलेला माल आहे, एवढे ध्यानात असावे. गाळ निदान शेताला कामी येतो. वाळूचे तसे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जग दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरते. गोदावरी आणि सिंदफणेच्या पात्रातून निघणाऱ्या हायवा त्या आकड्याचाच एक भाग आहेत. वाळू गेलेल्या पात्रात पाणी मुरत नाही आणि काठच्या विहिरी आधी आटतात, हे काठावरच्या गावांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

वाळू कमी झाली की माणसाच्या शरीराला काय होते? किनारी भागात पहिला परिणाम विहिरीवर होतो. पुळण आणि टेकडी मागे हटली की भरतीचे पाणी आत शिरते आणि गोड्या पाण्याचा थर मचूळ होतो. बांगलादेशच्या किनारी डाकोप भागात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोरड्या दिवसांत लोकांच्या पोटात केवळ पिण्याच्या पाण्यातून दिवसाला ५ ते १६ ग्रॅम सोडियम जात असल्याचा अंदाज निघाला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सगळ्या अन्नपाण्यातून मिळून दोन ग्रॅमची आहे. तिथल्या गर्भवती बायकांमध्ये रक्तदाब वाढण्याचे प्रमाण कोरड्या महिन्यांत जास्त आढळले. अळणी जेवा असा सल्ला देऊन अशा ठिकाणी काय साधणार?

दुसरा परिणाम तातडीचा आहे, आणि बीडच्या घरांना तोच जास्त जवळचा आहे. तो म्हणजे बुडणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, ती बातमी अनेकांना आठवत असेल. समुद्रात माणूस बहुधा लाटेखाली दबून मरत नाही, ओढीने आत नेला जातो. किनाऱ्यावर चढलेले पाणी परत जाण्यासाठी एखादी अरुंद वाट शोधते आणि तिथून जोरात आत जाते. आडव्या बांधांच्या, जेटीच्या, खडकाच्या कडेला ही वाट हमखास तयार होते, कारण किनाऱ्याने वाहणारे पाणी तिथे अडून समुद्राकडे वळते. तळही तिथे उकरलेला, खोल असतो. गंमत अशी की त्या जागी लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसते, म्हणून पोहता न येणारा माणूस नेमकी तीच जागा निवडतो. या ओढीचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो, तिच्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये. अंग पाण्यावर सोडून तरंगावे, हात वर करून मदत मागावी, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकून ओढीतून सुटल्यावर मग परतावे. बंधारा असलेल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीची वेळ स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. मास्तरांनी हे सहलीच्या बसमध्येच सांगावे, किनारा दिसल्यावर मुले ऐकत नाहीत.

नदीत मारेकरी वेगळा असतो. यंत्राने वाळू उपसलेल्या पात्रात खड्डे राहतात. नियमाप्रमाणे उपसा तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे कमी असेल तिथपर्यंतच करायचा असतो. तीन मीटर म्हणजे दहा वर्षांच्या मुलाच्या उंचीच्या दुपटीहून जास्त, आणि प्रत्यक्षात खड्डा किती खोल गेला हे कोण मोजते? पावसाळ्यात पाणी भरले की वरून सगळे सपाट दिसते. म्हैस धुवायला, कपडे धुवायला, पोहायला गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला नाहीसा होतो. एकाला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि घरातले दोन-तीन जण एकदम जातात. अशा वेळी उडी न मारता दोर, साडी, ओढणी, रिकामे झाकणबंद कॅन, ट्यूब, जे हाताला लागेल ते फेकावे. खड्ड्यांभोवती बांबू आणि लाल कापड लावणे हे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले काम आहे. त्यासाठी कुठल्या मंजुरीची वाट पाहू नये.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, डोक्यावर घेऊन फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार अजून चालतात. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी-अन्न छातीत जाते. पाठीवर निजवून श्वास चालू आहे का पाहावे. नसेल तर हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून तोंडाने आधी पाच श्वास द्यावेत. बुडलेल्याचे हृदय प्राणवायूअभावी थांबते, म्हणून इथे श्वास आधी. मग छातीच्या मधोमध तळहाताने तीस दाब आणि दोन श्वास, असे चालू ठेवावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. माणूस शुद्धीवर येऊन बोलू लागला, चहा मागू लागला तरी त्याला घरी नेऊ नये. फुप्फुसांत गेलेल्या पाण्याने पुढच्या काही तासांत दम लागू शकतो, त्यामुळे सहा ते आठ तास त्याला दवाखान्यात नजरेखाली ठेवणे आवश्यक असते.